जुन्या पोर्शला कोणतं इंजिन बसवावं?

वीस-पंचवीस वर्षं जुनी पोर्श बॉक्स्टर आज अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते. स्पोर्ट्स कारची हौस असलेल्या पगारदार माणसाला ती खुणावते, आणि त्यात नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावलेले मराठी इंजिनिअरही आले. गाडी देखणी असते, वळणावर रस्ता धरून ठेवते, छत उघडून चालवायला तर तिच्यासारखी दुसरी नाही. मग एखाद्या दिवशी इंजिनमधून कडकड आवाज येतो, गाडी टो करून न्यावी लागते आणि हातात पडलेलं खर्चाचं अंदाजपत्रक गाडीच्या बाजारभावाच्याही वर जातं. अशा वेळी मालकापुढे तीन वाटा असतात. कंपनीकडून नवंकोरं इंजिन घ्यायचं, कारखान्यात पुन्हा घडवलेलं बदलीचं रीमॅन इंजिन घ्यायचं, नाहीतर आपलंच इंजिन खोलून जाणकार गॅरेजकडून बांधून घ्यायचं.

या तीन वाटांची चर्चा बहुतेक वेळा किंमत आणि वॉरंटी यांच्याभोवती फिरते. माझ्या मते ती चुकीच्या टोकापासून सुरू होते. आधी विचारायला हवं की जुनं इंजिन गेलं कशानं, आणि समोर ठेवलेल्या इंजिनात त्या कारणाचा बंदोबस्त झालेला आहे का. याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवं, रीमॅन आणि बांधलेलं यांतला फरक अर्धाच कळतो. बॉक्स्टर आणि तिची मोठी बहीण ९११ यांच्या ‘एम ९६’ इंजिनाइतकं याचं ठळक उदाहरण दुसरं नाही, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

त्याआधी तिन्ही प्रकारांत प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. नव्या इंजिनात प्रत्येक भाग न वापरलेला असतो, एवढं सरळ आहे. रीमॅनचं गणित वेगळं असतं. बाजारातून परत आलेली जुनी इंजिनं कारखान्यात पूर्ण खोलतात, भाग धुऊन साफ करतात, प्रत्येक भाग मोजतात. मापात बसणारे भाग ठेवतात, बाकीचे बदलतात, इंजिन पुन्हा जोडून त्याची चाचणी घेतात. तुम्ही तुमचं मेलेलं इंजिन जमा करायचं आणि तयार इंजिन घेऊन जायचं. त्यात क्रँक एका गाडीची, हेड दुसऱ्या गाडीचं असू शकतं, आणि माप बरोबर असेल तर त्यानं काही बिघडत नाही. हा धंदा जुना आणि प्रतिष्ठित आहे. फ्रान्समध्ये रेनॉने शुआझी-ल-रुआ इथल्या कारखान्यात तो १९४९ साली सुरू केला. कॅटरपिलर १९७३पासून त्यात आहे. २००९च्या ब्रिटिश मानकानं तर रीमॅन वस्तूकडून मूळ कामगिरीची आणि नव्या वस्तूइतक्या किंवा त्याहून सरस वॉरंटीची अपेक्षा ठेवली आहे. आपल्याकडे टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ या नावानं जुन्या इंजिनांच्या बदल्यात कंपनीनं पुन्हा तयार केलेली इंजिनं देते, ट्रकवाल्यांना ते नवीन नाही.

बांधलेल्या इंजिनाला मात्र कुठलंच मानक नाही. आपल्याकडे गॅरेजात ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे शब्द चालतात. कुणी रिंगा-बेअरिंगं बदलून, व्हॉल्व्ह घासून, नवं पॅकिंग लावून मोकळा होतो, तर कुणी क्रँकपासून ऑइल पंपापर्यंत प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघतो. पावतीवर दोघेही एकच शब्द लिहितात. त्यामुळे बांधलेलं इंजिन या तिघांत सर्वांत वाईटही ठरू शकतं आणि सर्वांत चांगलंही. सर्वांत चांगलं ते कसं ठरतं, हे एम ९६ दाखवतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्श कंपनी बुडायच्या बेतात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची कामाची पद्धत बदलली, आणि दोन नव्या गाड्यांमध्ये शक्य तितके भाग सामाईक ठेवायचं ठरलं. १९९६ साली २.५ लिटरची बॉक्स्टर आली, १९९७ साली ३.४ लिटरची, ३०० अश्वशक्तीची नवी ९११ आली. तिलाच ९९६ म्हणतात. हवेवर थंड होणारी इंजिनं गेली आणि पाण्यावर थंड होणारं एम ९६ आलं. कंपनी या दोन गाड्यांनी वाचवली, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. इंजिन हलकं होतं, तापत नव्हतं, चालायला झकास होतं. पण त्यात दोन कच्चे दुवे राहून गेले.

पहिला दुवा इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा. क्रँककडून फिरणारा हा दांडा पुढे साखळ्यांमार्फत कॅमशाफ्ट फिरवतो. जुन्या, हवेवरच्या ९११मध्ये त्याच्या टोकांना साधी बेअरिंगं असत आणि त्यांना दाबानं ऑइल मिळत असे. एम ९६मध्ये फ्लायव्हीलच्या बाजूला सीलबंद गोळ्यांचं बेअरिंग बसवलं. आतलं ग्रीस काही वर्षांत धुऊन जातं, सीलमधून शिरलेलं ऑइल तिथेच जुनं होत राहतं, आणि गोळ्या सुकत, खरवडत जातात. शेवटी बेअरिंग फुटलं की साखळीचं टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळी होत्या. नंतर एकच ओळ आली आणि त्रास वाढला. अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा केला, आणि २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांबाबत २०१३ साली तडजोड झाली. या दाव्याच्या संदर्भात नेहमी दिले जाणारे आकडे असे: एकेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के बिघाड, दुहेरीत १ टक्क्याच्या आत.

दुसरा दुवा सिलिंडरच्या भिंतीचा. एम ९६चं क्रँककेस ॲल्युमिनियमचं आहे आणि सिलिंडरच्या पृष्ठभागावर सिलिकॉनचे कण पेरलेले आहेत. लोकासिल या नावानं ही पद्धत ओळखली जाते. पिस्टनही ॲल्युमिनियमचा, म्हणून त्याच्या अंगावर लोहयुक्त थर दिलेला असतो. तो थर झिजला की पिस्टन थेट भिंतीला लागतो, सिलिकॉनचे कण उपटून निघतात आणि बोअरवर उभे ओरखडे पडतात. असा त्रास ४ ते ६ क्रमांकाच्या सिलिंडरांना जास्त होतो. गाडी ऑइल प्यायला लागते, थंडीत सुरू केल्यावर टकटक आवाज येतो, दोन सायलेन्सरांपैकी एकाच नळीच्या तोंडावर काजळी साचते. पुढे आलेल्या ३.६ आणि ३.८ लिटरच्या इंजिनांत हे दुखणं अधिक दिसलं. बेअरिंगचा बोभाटा खूप झाला, पण शंभरातली नव्वदहून अधिक बेअरिंगं तग धरून होती. आज या गाड्या घेणाऱ्यानं बेअरिंगपेक्षा बोअरची धास्ती जास्त बाळगावी असं माझं स्पष्ट मत आहे. बेअरिंग वेळेवर बदलता येतं, बोअर खराब झाला की इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

या दोन दुखण्यांसमोर आता तीन वाटा ठेवून बघा. पोर्शनं हे इंजिन मुळात दुरुस्तीसाठी बनवलंच नव्हतं. जुन्या ९११मध्ये प्रत्येक सिलिंडर सुटा असे, एक गेला तर एक बदलता येई. एम ९६मध्ये तीन-तीन सिलिंडर क्रँककेसच्या अर्ध्या भागात एकत्र ओतलेले आहेत. कंपनीचं धोरण सरळ होतं: इंजिन गेलं, काढा, कारखान्यातून आलेलं दुसरं बसवा. वॉरंटीच्या काळात हजारो मैल चाललेल्या गाड्यांनाही अशी बदलीची इंजिनं मिळाली, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं ते उत्तम झालं. अशा इंजिनाच्या क्रमांकात ‘एटी’ ही अक्षरं असतात, बदलीच्या इंजिनासाठी असलेल्या जर्मन शब्दाची ती आद्याक्षरं. जाहिरातीत ‘इंजिन कंपनीनं बदलून दिलेलं’ असं वाचलं की घेणारा निश्चिंत होतो. पण २००२ साली बदललेल्या इंजिनात २००२ सालचंच बेअरिंग आणि त्याच प्रकारच्या भिंतीचे सिलिंडर असणार. नवं इंजिन असतं तरी तेच झालं असतं. २००५नंतर पोर्शनं बेअरिंग मोठं केलं, दुखणं बरंच कमी झालं, पण ते मोठं बेअरिंग क्रँककेस फोडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. खरा निकाल लागला २००८मध्ये, जेव्हा तो दांडाच नसलेलं नवं इंजिन आलं.

रीमॅनची ताकद हीच तिची मर्यादाही आहे. कारखाना मूळ आराखड्याशी प्रामाणिक राहतो, आणि आराखड्यात खोट असेल तर तीही प्रामाणिकपणे परत येते.

आराखड्यातली ही खोट दूर करण्याचं काम स्वतंत्र कारागिरांनी केलं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. अमेरिकेत एलएन इंजिनिअरिंग, ब्रिटनमध्ये हार्टेक अशा छोट्या संस्थांनी या इंजिनांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बेअरिंगसाठी आधी सिरॅमिक गोळ्यांचा पर्याय आला, पुढे दाबानं ऑइल मिळणारं साधं बेअरिंगही आलं, म्हणजे जुन्या ९११चीच रीत पुन्हा वापरली गेली. सिलिंडरसाठी खराब बोअर कापून काढायचा आणि निकासिलचा थर दिलेली ॲल्युमिनियमची नवी भिंत बसवायची. निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा हा थर मालेनं साठच्या दशकात विकसित केला. पोर्शनंच तो ९१७ या शर्यतीच्या गाडीत आणि १९७३च्या कॅरेरा आरएसमध्ये वापरला होता. असं बांधलेलं इंजिन कंपनीच्या नव्या इंजिनापेक्षा जास्त टिकावं अशी अपेक्षा ठेवता येते, कारण मरणाची दोन्ही कारणं काढून टाकलेली असतात.

पण हे काम कुणाकडूनही करून घेण्यासारखं नाही. एम ९६ जोडताना एका बाजूचे पिस्टन बसवून क्रँककेस बंद करावं लागतं. मग दुसऱ्या बाजूच्या पिस्टनच्या पिना आणि त्यांना अडवून धरणारी सर्क्लिप बाजूच्या भोकातून, खास अवजारानं आत सरकवाव्या लागतात. सर्क्लिप खाचेत नीट बसली की नाही हे डोळ्यांना जेमतेम दिसतं. ती अर्धवट बसली तर काही हजार किलोमीटरांत सुटते आणि पिन सिलिंडरची भिंत नांगरत जाते. कनेक्टिंग रॉडचंही तसंच आहे. हे रॉड अखंड बनवून मग तडा देऊन दोन भागांत तोडलेले असतात. प्रत्येक टोपी फक्त आपल्याच रॉडवर, आपल्याच दिशेनं बसते. जुन्या पद्धतीनं टोपीचा चेहरा घासून गोलाई पुन्हा काढावी म्हटलं, तर तुटलेल्या पृष्ठभागांची ती जुळणीच संपते. रॉडचे बोल्ट ताणून आवळायचे असल्यानं एकदाच वापरायचे. बाकी सगळी इंजिनं हयातभर बांधलेला निष्णात मेकॅनिकही पहिल्या एम ९६वर इथे फसू शकतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक शंका येईल. कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत बोअर करून लायनर घालणं हे वर्कशॉपांचं रोजचं काम आहे, मग पोर्शचंच एवढं काय? काम तेच आहे, फरक धातूंचा आहे. बिडाच्या ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर तापल्यावर सारखाच फुगतो. ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतीत बिडाचा लायनर घातला तर दोघे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि उष्णताही नीट बाहेर जात नाही. ते करून चालवलेली इंजिनं आहेत, पण हिशेब फार काटेकोर लागतो.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक स्वस्त कामात राहून जाते. बेअरिंग फुटल्यावर पोलादाचा बारीक चुरा ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो. तो ऑइल कूलरच्या अरुंद वाटांमध्ये, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतो. इंजिन सुंदर बांधलं आणि जुना कूलर धुऊन परत लावला, तर पहिल्याच गरम फेरीत तो चुरा नव्या बेअरिंगांवर येतो. नवं इंजिन घेतलेल्यांनाही हे तितकंच लागू आहे. इंजिन बदललं तरी भोवतालचं सगळं जुनंच असतं.

माझदाच्या आरएक्स-८चे मालक हा धडा मोठी किंमत देऊन शिकले. २००३ ते २०१२ या काळात बनलेल्या या गाडीत पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या सीलवर सगळी भिस्त असते. इग्निशन कॉइल कमजोर झाले की न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तुंबतो, मागे उष्णता कोंडते आणि इंजिन जातं. माझदानं उत्तर अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली आणि बदलीची रीमॅन इंजिनं दिली. जुने कॉइल आणि तुंबलेला कन्व्हर्टर ठेवून इंजिन बदललं, तर नव्याचंही तेच होणार होतं. रोटरी इंजिन बांधून घेण्यातही एक अडसर आहे. रोटर ज्यात फिरतो त्या घराच्या आतल्या बाजूला क्रोमचा थर असतो आणि पिस्टनच्या इंजिनासारखा तो बोअर करून मोठा करता येत नाही. घर चांगलं असेल तर बांधा, नसेल तर नवं घर शोधा.

उलट, शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मालकाला फार डोकं खाजवावं लागत नाही. अमेरिकी कंपन्या पेटीबंद नवी इंजिनं किरकोळीनं विकतात. ६.२ लिटरचं, ४३० अश्वशक्तीचं एलएस-३ हे त्यातलं प्रसिद्ध. १९५५पासून चालत आलेल्या या घराण्याची १० कोटी इंजिनं २०११पर्यंत बनली होती. इतक्या संख्येनं बनणारं इंजिन, ज्याच्या आराखड्यात मोठी खोट नाही, ते नवं घेणं हाच शहाणपणा. बांधण्याची मजुरी त्याच्या जवळपास जाते.

जुन्या, संग्राहकांच्या गाड्यांचा निर्णय तर क्रमांकच करतो. १९७३च्या कॅरेरा आरएसमध्ये मूळ क्रमांकाचं इंजिन आहे की नाही यावर किमतीचा मोठा हिस्सा ठरतो. तिथे मूळ क्रँककेस वाचवणं हेच काम. सत्तरच्या दशकातल्या २.७ लिटरच्या ९११मध्ये मॅग्नेशियमच्या केसमधून हेडचे स्टड उपटून येत. कारागिरांनी त्या भोकांत पोलादी आटे बसवले, आणि ती इंजिनं आज मूळपेक्षा मजबूत आहेत. भंगारवाल्याकडचं वापरलेलं इंजिन ही चौथी वाट मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. एम ९६च्या बाबतीत ते आत न डोकावता घेणं म्हणजे आपलंच दुखणं दुसऱ्याकडून विकत घेणं.

भारतात गाडी असणाऱ्यांसाठी कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलणं हा गाडीतला फेरफार ठरतो, आणि तो नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवावा लागतो. आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक जुळला नाही, तर विम्याचा दावा आणि पुढची विक्री दोन्ही अडकतात. आपलंच इंजिन बांधून घेतलं तर क्रमांक तोच राहतो. आयात केलेल्या जुन्या गाडीच्या मालकासाठी ही छोटी सोय नाही.

तेव्हा जुनी बॉक्स्टर किंवा ९९६ जवळ असेल, इंजिन अजून चालत असेल, तर कंपनीनं सांगितलेल्या लांब मुदतीच्या बरंच आधी ऑइल बदला आणि दर वेळी फिल्टर कापून त्याच्या घड्यांमध्ये चमकता चुरा आहे का ते पाहा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा एकेरी बेअरिंग बदलून घ्या, मजुरी तशीही लागलेलीच असते. इंजिन गेलंच असेल, तर माझा कौल अनुभवी माणसानं बांधलेल्या इंजिनाला आहे. कंपनीकडचं इंजिन घ्यायचं तर ते २००५नंतरचं, मोठ्या बेअरिंगचं आहे याची खात्री करून मगच घ्या. आणि पहिला हप्ता देण्याआधी गॅरेजकडे दोन कागद मागा. एकावर सहाही सिलिंडरांची वरची, मधली आणि खालची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेली असावीत. दुसऱ्यावर तुमचं इंजिन नेमकं कशानं गेलं याचं कारण, फुटलेल्या भागाच्या फोटोसह असावं. हे दोन कागद न देणाऱ्या गॅरेजात इंजिन उघडू देऊ नका.